हार्दिक कुणाचा?

क्रिकेटवरून घरात बापलेकांची जुंपली की स्वयंपाकघरातून आपले कान तिकडेच असतात, हो की नाही? २०२४च्या उन्हाळ्यात नांदेड-लातूरकडे सुद्धा एकच विषय: हार्दिक पंड्या फितूर की कसा?

सात हंगाम तो मुंबई इंडियन्सकडे होता. २०२२मध्ये गुजरातचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवलं. दोन हंगामांनी परतला तो थेट रोहित शर्माच्या जागी! पाच अजिंक्यपदं मिळवून देणारा रोहित बाजूला. मग काय, १ एप्रिलला वानखेडेवर अशी हुर्यो उडाली, की नाणेफेकीला संजय मांजरेकरांना ‘नीट वागा’ म्हणावं लागलं. त्याआधी अहमदाबादेतही तेच. तिथे राग ‘आम्हांला टाकून गेला’ याचा. ना माहेरचा, ना सासरचा. आपल्याला हे नवं आहे का, बाई?

कर्णधार बदलला संघाच्या कारभाऱ्यांनी. सासूबाईंनी थोरलीच्या कमरेच्या किल्ल्या धाकटीला दिल्या, तर बोलणी कोण खातं? धाकटीच! आणि लातूरचा मुलगा जास्त पगारावर पुण्याला गेला की आपण पेढे वाटतो, त्याला फितूर म्हणत नाही.

मुंबई त्या हंगामात तळाला राहिली. पण २९ जूनला विश्वचषकाच्या शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हाती होता आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’! एप्रिलमध्ये तुमच्या घरात त्याच्या नावानं खडे फोडणारं कोण होतं, त्या दिवशी ते काय करत होते, विचारा बरं जेवताना.