मिंगमेन
मिंगमेन : चिनी सूचिचिकित्सेतील (ॲक्युपंक्चरमधील) कमरेवरील एक बिंदू. पाठीच्या मध्यरेषेवर, दुसऱ्या कटिकशेरुकाच्या कंटक प्रवर्धाखालील खळगीत तो असतो. ‘दू’ या वाहिनीवरील हा चौथा बिंदू होय.

मिंगमेन म्हणजे ‘प्राणद्वार’. ही संज्ञा बिंदूपुरती मर्यादित नाही. नान-जिंग या प्राचीन ग्रंथात उजव्या वृक्काला मिंगमेन म्हटले आहे. जांग ज्ये-पिन (१५६३–१६४०) यांसारख्या मिंगकालीन वैद्यांनी ते दोन्ही वृक्कांच्या मध्ये मानून शरीरातील मूळ उष्णतेचे स्थान ठरविले. म्हणूनच कंबरदुखी, पाठीचा ताठरपणा, हातपाय गार पडणे, क्लैब्य, श्वेतप्रदर व जुनाट अतिसार यांवर परंपरेने हा बिंदू योजतात. सुई टोचण्याबरोबरच आर्टेमिसियाच्या वाळलेल्या पानांचा लोकर पेटवून येथे शेक देण्याची पद्धत आहे.

प्रौढांत मेरुरज्जू साधारणतः पहिल्या व दुसऱ्या कटिकशेरुकांच्या पातळीवर संपते. बालकांत ती आणखी खाली असते. त्यामुळे येथे सुई खोल टोचणे धोक्याचे ठरते.

वाहिन्यांना शरीररचनेत आधार सापडलेला नाही. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील जर्मन चाचणीत (२००७) सूचिचिकित्सेने ४७·६ टक्के, बिंदू सोडून इतरत्र उथळ सुया टोचल्याने ४४·२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७·४ टक्के रुग्णांना गुण आला. यावरून आराम पडतो, पण तो विशिष्ट बिंदूमुळेच पडतो असे म्हणता येत नाही. कंबरदुखीसोबत पायांत दुर्बलता आल्यास अथवा मूत्रावरील ताबा सुटल्यास सूचिचिकित्सेत वेळ न दवडता तातडीने वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.