‘माफी’ आणि ‘मुक्ती’

आर्थिक धोरणाचा वाद हा अर्थशास्त्रज्ञांचा विषय, अशी साहित्याच्या अभ्यासकांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु असा वाद पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या निवडीवर उभा असतो. शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी १९७९ साली उभारलेली शेतकरी संघटना हे याचे बोलके उदाहरण होय.

निर्यातबंदी, सक्तीची लेव्ही आणि वाहतुकीवरील निर्बंध यांच्या योगे शासन शेतमालाचे भाव पाडते. शेतकऱ्याच्या पदरी पडते ती ‘उणे सबसिडी’, असा जोशी यांचा युक्तिवाद होता. तो मान्य केला, तर थकलेले कर्ज हा शेतकऱ्याचा अपराध ठरत नाही. म्हणूनच संघटनेने ‘कर्जमाफी’ हा रूढ शब्द नाकारून ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आग्रहाने वापरला. माफी अपराध्याला मिळते आणि ती देणारा उपकारकर्ता ठरतो. मुक्ती मात्र लादलेल्या बंधनातून होते. एक शब्द अरबी कुळातला व दुसरा संस्कृत. पण येथे प्रश्न कुळाचा नसून ऋणको आणि राज्यसंस्था यांच्यातील नात्याचा आहे.

पुढे २०१९ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेच्या नावातच ‘शेतकरी कर्जमुक्ती’ हे शब्द घातले. तथापि २०२० व २०२३ साली केंद्र शासनाने कांद्याची निर्यात पुन्हा रोखलीच. शब्द स्वीकारला गेला. त्यामागील बाजारस्वातंत्र्याचा विचार मागेच राहिला.

हिंदीत आजही ‘कर्जमाफी’च रूढ आहे. अन्य भारतीय भाषांनी या प्रसंगी कोणता शब्द पत्करला, हे तुलनाकारांनी अवश्य तपासावे.