चैत्राची यात्रा आणि चिकूची झोप

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर झोपतं कोण? हलगी वाजतेय, सासनकाठ्या नाचतायत, गुलालानं वाटा लाल झाल्यात आणि 'चांगभलं'चा गजर थांबतच नाही. माझ्या भाचीचं घर तिथलंच. पाहुण्यांनी भरलेलं. खिडकीत पिंजरा, पिंजऱ्यात चिकू आणि मिरी, तिचे दोन बजरीगर. बरेच जण यांना लव्हबर्ड म्हणतात. पण लव्हबर्ड आफ्रिकेचे आणि बजरीगर ऑस्ट्रेलियाचे. (आपला हिरवा पोपट मात्र पाळायचा नाही हं, कायद्यानं बंदी आहे!)

"मामा, चिकू रात्रभर जागा असतो. आणि दिवसा नुसता पेंगतो," भाची रडवेली झाली होती.

मी तिला परसात नेलं. पावणेसात वाजत आले होते, सूर्य पन्हाळ्याआड चालला होता. आज्जीच्या कोंबड्या एकेक करून आपणहून खुराड्यात शिरत होत्या.

"यांना वेळ कोण सांगतं गं?"

"अंधार!"

अगदी बरोबर. आणि गंमत ऐका, पक्ष्यांना उजेड फक्त डोळ्यांनीच कळतो असं नाही. त्यांच्या पातळ कवटीतून तो थेट मेंदूपर्यंत झिरपतो. १९६८ साली मायकेल मेनाकर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की दृष्टी नसलेल्या चिमण्यांनाही दिवस-रात्र कळते! अंधार पडला की पक्ष्यांच्या शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य वाढतं आणि 'रात्र झाली' हा निरोप सगळीकडे पोचतो. चिकूच्या खिडकीसमोर तर रात्रभर हॅलोजन जळत होता. निरोप पोचणार कसा?

मग आम्ही पिंजरा आतल्या शांत खोलीत हलवला. तिथं गुलालही उडत नाही. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. आज्जीचं जुनं सुती लुगडं तीन बाजूंनी पांघरलं, हवेसाठी पुढची बाजू उघडी ठेवली. दिवा मात्र एकदम घालवला नाही. आधी उजेड कमी केला, दोघं वरच्या दांडीवर जाऊन बसले, मगच बंद. लांबच्या कोपऱ्यात झिरोचा बल्ब राहू दिला. मिट्ट काळोखात हलगी कडाडली, तर बजरीगर घाबरून फडफडतात आणि पंखांना इजा होते.

रोज तीच वेळ पाळली. बजरीगरला दहा-बारा तास झोप लागते.

चौथ्या रात्री आम्ही हळूच डोकावलो. चिकू पिसं फुलवून गोळा झाला होता. मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, एक पाय पोटाशी. आणि एका पायावर असूनही पडत नव्हता! बऱ्याच पक्ष्यांच्या बोटांतल्या कंडरांना बारीक खाचा असतात. बोटं वळली की त्या अडकून बसतात आणि पकड फारशी ताकद न लावता टिकते.

तुमच्याकडे पक्षी नसला तरी हरकत नाही. घराजवळच्या झाडावर साळुंक्या मुक्कामाला किती वाजता येतात, ते आठवडाभर लिहून ठेवा आणि कॅलेंडरातल्या सूर्यास्ताच्या वेळेशी ताडून बघा. फक्त त्या झोपल्यावर झाडावर टॉर्च मारू नका.