चित्रं इथं उतरत नाहीत

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघत उभं राहावं. ट्रॉलीतल्या ढिगात व्यापारी हात घालतो, वरचा कांदा बाजूला सारून आतला काढतो, बोटांनी दाबतो, पत्ती बघतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याला तो भाव पटत नाही, पण व्यापाऱ्यानं आतला कांदा का काढला ते मात्र पक्कं ठाऊक असतं. इथल्या माणसाला पारख शिकवायला जायची गरज नाही.

याच गावातली मुलं दरवर्षी चित्रकलेच्या एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचे पेपर देतात, ग्रेड मिळवतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही पदरात पाडून घेतात. मीही त्याच रांगेतला. पण एखाद्या चित्रकारानं स्वतःच्या हातानं रंगवलेला कॅनव्हास मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेज संपल्यावर, मुंबईत. रंगाला जाडी असते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या छापील चित्राला ती नसतेच.

आमच्या जिल्ह्यात संग्रहालयं नाहीत, असं नाही. संभाजीनगरात विद्यापीठाचं आहे, महापालिकेचं शिवाजी महाराजांच्या नावाचं आहे, डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे. पैठणलाही आहे. मात्र त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी माणूस एकदाच जातो, शाळेच्या सहलीत. दुसऱ्यांदा कशाला जाईल? नाणी तीच, मूर्ती त्याच, पाटीवरच्या ओळीही त्याच. मोठ्या शहरांतली कलासंग्रहालयं वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या बारा महिन्यांतल्या प्रदर्शनांची यादी जाहीर करतात. येणाऱ्याला पुन्हा यायचं निमित्त मिळावं, हा त्या यादीचा खरा उपयोग. आमच्याकडं अशी यादीच निघत नाही.

गंमत अशी, की जगाला प्रदर्शनं भरवायला चित्रं पुरवली ती याच जिल्ह्यानं. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि जवळजवळ दोन दशकं त्यात राहिला. त्याचे कॅनव्हास लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले गेले. १८६६ च्या आगीत त्यांतले बहुतेक जळाले. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांत पेस्तनजी बोमनजीही होते. तेरा वर्षं काम चाललं. त्याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. दोनदा इथून चित्रं नेली, दोनदा तिकडं जळाली. त्या मूळ भिंतींच्या आसपास राहणाऱ्यांसाठी त्या नकलांचं एखादं प्रदर्शन इथं भरवावं, असं त्या काळात कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

अजिंठ्यातले शिलालेख वाचायला १८६० च्या दशकात एक डॉक्टर आले होते, भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, धंद्यानं वैद्य, छंदानं लिपिवाचक. मुंबईच्या राणीबागेतल्या संग्रहालयासाठी खटपट करणाऱ्या समितीचे जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबर ते चिटणीस होते. ती इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पुढं तिची इतकी रया गेली, की राणीबागेत येणारे हत्ती बघून परत जायचे. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला, दुरुस्ती झाली आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. मातीच्या छोट्या बाहुल्या, जुने नकाशे, मुंबईच्या जातीजमातींची मॉडेलं, असा तिथला संग्रह. तो तसाच ठेवून संग्रहालयानं आजच्या कलावंतांना बोलावलं : या वस्तू बघा आणि त्यांना उत्तर म्हणून काही करा. सुदर्शन शेट्टी आले. २०११ मध्ये जितिश कल्लाट आले, त्यांनी बांबूच्या परांचीच्या आकाराचं, राळेत ओतलेलं शिल्प मांडलं. इमारतीची डागडुजी चालू असताना जशी परांची बांधतात, तशीच, पण कायमची अर्धवट. ते बघून जुन्या कपाटातल्या बाहुल्यांकडंही माणूस पुन्हा वळतो. जुनं संग्रहालय जिवंत ठेवायची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही. नवी इमारत नको, नवा संग्रह नको, एक दालन मोकळं ठेवायचं.

स्वस्त म्हटलं, पण फुकट नव्हे. कागदावरच्या चित्रांवर प्रकाश साधारण पन्नास लक्सच्या वर जाऊ द्यायचा नसतो, आणि काही महिन्यांनी ती अंधारात विसावायला ठेवावी लागतात. हवेतला दमटपणा सांभाळावा लागतो. विमा, पहारा, पेट्या, ने-आण हे सगळं आलं. लहान गावात चित्रं येत नाहीत याचं कारण आमची अरसिकता नसून हा खर्च आहे, हे एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं.

तरी कुणी प्रयत्नच केला नाही, असं नाही. ठाण्याचे सुधीर पटवर्धन, पूर्वी पेशानं क्ष-किरणतज्ज्ञ आणि आजच्या भारतातल्या मोठ्या चित्रकारांपैकी एक. त्यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं. बोधी आर्ट ही गॅलरी पाठीशी होती. बाजार मंदावला, गॅलरी बंद पडली आणि त्या धर्तीचं दुसरं काही पुढं उभं राहिलं नाही. खासगी पैशावर उभ्या राहिलेल्या चांगल्या कामाचं आपल्याकडं असंच होतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय बसवून ते शाळांपर्यंत न्यायला सुरुवात केली, तो मार्ग जास्त टिकाऊ दिसतो.

संभाजीनगरपुरतं बोलायचं, तर मी सोनेरी महालातल्या एका दालनापासून सुरुवात करीन. बुंदेलखंडी सरदारानं बांधलेल्या या वास्तूला नाव पडलं ते आतल्या सोनेरी रंगकामावरून, आणि त्या रंगाचे अवशेषच आता उरलेत. चित्रासाठी एवढी हक्काची जागा दुसरी कोणती? वर्षाला चार प्रदर्शनं, प्रत्येक तीन महिन्यांचं. एक हिमरू आणि पैठणीच्या विणकरांबरोबर काम करणाऱ्या कलावंताचं. एक शहरातल्या शासकीय कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांचं. एक गिल आणि ग्रिफिथ्सच्या हरवलेल्या नकलांवर. चौथं मोकळं ठेवावं, कारण सगळंच आधी ठरवून ठेवणारं संग्रहालयही लवकर कंटाळवाणं होतं. पुरातत्त्व विभाग, महाविद्यालय आणि महापालिका यांनी एका टेबलाशी बसायचं आहे. त्यातलं सगळ्यात अवघड काम तेच, हेही मला ठाऊक आहे.

लासूरहून तो महाल चाळीसेक किलोमीटर. मुलं सकाळी निघून संध्याकाळी घरी येतील. ते दालन सुरू होईतोवर परिसरातल्या मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं : मुंबईच्या त्या संग्रहालयाला बससाठी एक पत्र लिहून बघा. ती बस उभी करायला बाजार समितीचं आवार मोठं आहे. फक्त कांद्याच्या आवकेचे दिवस सोडून तारीख मागा.