साथीला बसणारा माणूस

*नोकरीच्या ठिकाणी प्रत्येकालाच मैफल गाजवायची असते. पण गाजलेली मैफल कधीच एकट्याची नसते. टीममध्ये काम करणे म्हणजे नेमके काय, हे सुळेभावीच्या मुलाने दूर माळव्यात जमवलेल्या मैफलीतून चांगले समजते.*

नोकरीच्या मुलाखतीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ‘तुम्हाला टीममध्ये काम करता येईल का?’ उमेदवार मान डोलावून ‘हो’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. या ‘हो’मध्ये काय काय येते, हे ना विचारणारा सांगतो, ना उत्तर देणारा विचारतो.

यात त्या मुलामुलींचा फारसा दोष नाही. पहिलीपासून पदवीपर्यंत आपण त्यांना एकट्याने पेपर लिहायला आणि एकट्याने नंबर काढायला शिकवले. शेजारच्याला उत्तर सांगितले तर ती कॉपी, असा धाक घातला. मग बाविसाव्या वर्षी सहा जणांच्या टेबलाशी नेऊन बसवले आणि म्हणालो, आता सगळे मिळून करा! साहजिकच कुरबुरी सुरू होतात. ‘काम मी करायचे आणि नाव त्याचे.’ ‘ती फाइल तिच्याकडे आहे, मला काय विचारता?’ ‘साहेब आले की हा पुढे पुढे करतो.’ ही वाक्ये संध्याकाळी घरी येतात आणि जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतात. चांगली शिकलेली, हुशार माणसे कित्येकदा पगारासाठी नव्हे, तर शेजारच्या खुर्चीशी पटत नाही म्हणून नोकरी सोडतात. म्हणून हा विषय केवळ ऑफिसचा नाही, घराचाही आहे.

नुसती हुशारी पुरत नाही, हे इंग्लंडमधील संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी दाखवून दिले. व्यवस्थापन शिकणाऱ्यांचे गट पाडून ते त्यांच्यात स्पर्धेचे खेळ घेत. काही गटांत मुद्दाम सगळेच अतिशय बुद्धिमान लोक घातले. हे गट जिंकणार असे वाटे. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा मागे पडत. जो तो दुसऱ्याच्या मुद्द्यातील खोट काढण्यात गुंतलेला, निर्णय होईना आणि गरजेची साधी कामे तशीच पडून राहत. १९८१ साली बेल्बिन यांनी हा अनुभव पुस्तकात मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर सगळेच गवई, साथीला कोणीच नाही!

साथ आणि ‘पक्कवाद्य’

मराठीत आपण तबला-पेटीच्या सोबतीला ‘साथ’ म्हणतो. कन्नडमध्ये शब्द आहे ‘पक्कवाद्य’. ‘पक्क’ म्हणजे बाजू, शेजार. मागे नव्हे, खालीही नव्हे, तर बाजूला बसून वाजवले जाणारे वाद्य. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे दोन शब्द एकत्र ठेवले की चांगल्या सहकाऱ्याची व्याख्याच मिळते. जो बाजूला बसतो आणि साथ देतो, तो सहकारी.

ही साथ किती मोलाची असते याचे उदाहरण आपल्याच भागातून निघून मध्य प्रदेशात गेले आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. कानडी घरातला हा मुलगा लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ म्हणून गाजला. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकला आणि ऐन तारुण्यात त्याला क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये कुमारजी माळव्यातील देवास येथे राहायला गेले. पुढची काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली आणि घर सांभाळले. नवे औषध आल्यावर कुमारजी बरे झाले, १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

दम कमी झालेल्या या गवयाने आपली गायकी वेगळ्या रीतीने उभी केली. लहान, नेमक्या स्वरवाक्यांची, आणि मध्येच थांबणारी. आता साथीला बसणाऱ्याचा विचार करा. गायक थांबला, ती जागा रिकामी नाही. ते त्याचे श्वास घेणे आहे आणि गाण्याचाच एक भाग आहे. तिथे घाईने आपली करामत भरली तर गाणे बिघडते. काहीच न करता बसले तर ते पडते. दुसऱ्याच्या श्वासाला जागा ठेवायची आणि तरीही लय सुटू द्यायची नाही, हे साथीदाराचे काम. ऑफिसातल्या चांगल्या सहकाऱ्याचे कामही याहून फार वेगळे नसते.

ठेका सुटता कामा नये

कुमारजींच्या तबल्याच्या साथीला अनेक वर्षे वसंतराव आचरेकर असत. स्वच्छ ठेका आणि स्थिर लय यासाठी जाणकार त्यांचे नाव आजही घेतात. तबल्यावर हात तयार असणाऱ्याला साधा ठेका धरून बसणे सोपे नसते. हात शिवशिवतात. पण गायकाने कितीही दूर भरारी घेतली तरी परत यायला समेची जागा पक्की हवी, आणि ती तबलजी राखतो.

कचेरीतील ठेका म्हणजे रोजची साधी कामे. वेळेवर येणे, नोंद त्याच दिवशी करणे, निरोप विसरू न देणे, घेतलेली फाइल जागेवर ठेवणे. याची कोणी स्तुती करत नाही, पण सगळ्यांचे काम यावर उभे असते. आणि एखादे काम वेळेत होणार नसेल तर ते आधी सांगणे हाही ठेक्याचाच भाग आहे. शुक्रवारी द्यायचा हिशेब जमणार नाही हे बुधवारी सांगितले तर चार जण मिळून मार्ग काढतात. शुक्रवारी संध्याकाळी सांगितले तर सम चुकते, आणि ती सगळ्यांचीच चुकते.

‘केळु’ म्हणजे ऐक, आणि विचारही

पेटीच्या साथीचे नाव काढले की गोविंदराव पटवर्धन आठवतात. कुमारजींसह अनेक मोठ्या गवयांना त्यांनी साथ केली. पेटीवाल्याला गायक पुढे काय म्हणणार हे आधी माहीत नसते. तो कान देऊन ऐकतो, क्षणभर मागून येतो, गायक थांबला की सूर धरून ठेवतो आणि तो पुन्हा सुरू झाला की अलगद बाजूला होतो.

कन्नडमध्ये ‘केळु’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : ऐकणे आणि विचारणे. किती शहाणपणाचा शब्द! मीटिंगमध्ये आपण बहुधा दोन्ही करत नाही. समोरचा बोलत असताना मनात आपले उत्तर जुळवत असतो, आणि समजले नाही तर अज्ञान उघडे पडेल म्हणून विचारत नाही. कामात होणारे कितीतरी गोंधळ हे आळसाचे नसतात, न विचारल्याचे असतात.

आपल्या सीमाभागात तर याला आणखी एक पदर आहे. काउंटरवर आलेल्या आजोबांना फक्त कन्नड येते आणि खिडकीतल्या नव्या मुलीला फक्त मराठी. दोन्ही भाषा येणारा शेजारचा कारकून दोन मिनिटे उठून आला तर आजोबांचा हेलपाटा वाचतो. ते त्याच्या कामाच्या यादीत नसते. पण ज्या कार्यालयात असे उठून येणारे दोन-तीन जण असतात, तिथे गेल्यावर आपल्यालाही ते जाणवते.

आधी तंबोरे जुळले पाहिजेत

कुमारजी तंबोरे जुळवण्याबाबत अतिशय काटेकोर होते. जुळलेल्या सुराशिवाय गाणे सुरूच होत नाही. कामाच्या ठिकाणी मात्र आपण ही पायरी गाळतो. कोण काय करणार, अडचण आली तर कोणाला सांगायचे, हे न ठरवताच कामाला लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी-यादी तयार केली. तिच्यात चीर देण्यापूर्वीची एक पायरी अशी : खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, परिचारिका, सगळ्यांनी. दिल्लीतील एका रुग्णालयासह जगातील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. यादीत इतरही बाबी होत्या. तरी नाव घेऊन बोलण्याचा उपयोग सहज पटण्यासारखा आहे. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे ‘डॉक्टर, थांबा’ म्हणण्याचे धैर्य होते.

अमेरिकेतील अभ्यासक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत असेच काही आढळले. ज्या वॉर्डांत सहकार्य चांगले, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या होत्या. आधी त्या चक्रावल्या. मग उलगडा झाला तो असा की, तिथे चुका जास्त होत असतील असे नव्हे. तिथे लोक त्या लपवत नव्हते. जिथे चूक सांगितल्यावर आधी ती सुधारली जाते आणि बोलणी नंतर बसतात, तिथेच माणसे खरे सांगतात.

खातेगावच्या बाजूचे भजन

देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला खातेगाव तालुका आहे. त्यातले नेमावर नर्मदेच्या काठी, जुन्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध. हा माळव्याच्या आणि नर्मदेच्या खोऱ्याच्या सीमेवरचा मुलूख. माळव्याच्या खेड्यापाड्यांत कबीराची निर्गुणी भजने गाणाऱ्या मंडळ्या आहेत. तंबोरा, करताल, मंजिरा, ढोलक एवढीच सामग्री. दिवसभर शेतात किंवा नोकरीत राबलेले लोक रात्री एकत्र बसतात. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. आपल्याकडच्या तत्त्वपदे गाणाऱ्यांची आणि भजनी मंडळांचीही हीच रीत. याच परंपरेतले देवास जिल्ह्यातील गायक कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आजारपणात अंथरुणावर पडलेल्या कुमारजींच्या कानावर माळव्याची लोकगीते आणि ही निर्गुणी भजने पडली आणि पुढे त्यांच्या गाण्यात उतरली.

या मंडळींकडून शिकायचे ते ओळ झेलणे. सहकाऱ्याने चांगली कल्पना मांडली तर ‘हे मी आधीच म्हटले होते’ असे न म्हणता ती उचलून पुढे न्यायची, आणि ती त्याच्या नावाने न्यायची.

देवासच्याच इतिहासात याच्या उलट चित्रही आहे. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात होती. एक गाव, दोन राजे, दोन दरबार. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. पण ‘हे आमच्या सेक्शनचे, ते तुमच्या सेक्शनचे’ म्हणणाऱ्या आपल्या कितीतरी कचेऱ्यांत त्या दोन पात्या अजून नांदत आहेत!

साथ म्हणजे पुसून जाणे नव्हे

इथे एक कळीचा प्रश्न उरतो. साथ करायची म्हणजे आयुष्यभर मागेच बसायचे का? विशेषतः स्त्रियांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑफिसात चहा सांगणे, वाढदिवसाचा केक, नव्या माणसाला काम शिकवणे, मीटिंगची टिपणे हे बहुधा त्यांच्याकडेच येते, आणि बढतीच्या वेळी त्यातले काही मोजले जात नाही.

भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या. त्यानंतर कुमारजींच्या जीवनात आणि मैफलीत वसुंधराबाई आल्या. त्या स्वतः देवधरांकडे शिकलेल्या कसदार गायिका. वर्षानुवर्षे श्रोत्यांनी त्यांना तंबोरा घेऊन सुराची साथ करताना पाहिले. पण त्या केवळ साथीदार नव्हत्या. त्या स्वतंत्र गायल्या आणि त्यांनी शिष्य घडवले. १९९२ मध्ये कुमारजी गेल्यावरही ती परंपरा त्यांनी चालू ठेवली. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वतःचे गाणे अनेकांनी उशिरा ऐकले, ही खंत रसिकांनी बाळगावी अशीच आहे.

म्हणून साथीचा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. चांगला गवई मैफलीत तबलजीला आणि पेटीवाल्याला जागा देतो, त्यांच्या चांगल्या कामाला सर्वांसमोर दाद देतो. जिथे एकच माणूस कायम साथ देतो आणि एकच कायम गातो, तिथे टीम नसते, नुसती वेठ असते. अशा ठिकाणी ‘हे काम मी केले आहे’ हे शांतपणे, वेळेवर आणि नोंदीसह सांगण्यात काहीही गैर नाही. तो उद्धटपणा नव्हे, आपला सूर राखणे आहे.

कन्नडमध्ये म्हणतात, ‘कै केसरादरे बायी मोसरु’. हात चिखलात गेले तर तोंडी दही पडते. टीमच्या कामात यापुढे एवढेच जोडायला हवे की चिखल सर्वांच्या हाताला लागला असेल तर दहीही सर्वांना मिळाले पाहिजे.

याची सुरुवात ऑफिसातच व्हावी असे नाही. मुले शाळेतून आली की ‘किती मार्क मिळाले?’ हे आपण विचारतोच. त्याच्याबरोबर ‘आज कोणाला मदत केलीस? तुला कोणी केली?’ हेही विचारून पाहावे. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. काही वर्षांनी मुलाखतीत तो नेहमीचा प्रश्न येईल, तेव्हा त्यांच्या ‘हो’ला अर्थ असेल.