लोह घटले की फुफ्फुसातला दाब वाढतो

दंडाला पट्टा बांधून डॉक्टर बी.पी. पाहतात, ते १२०-८० तुम्हाला ठाऊक आहे. पण हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वेगळा असतो. निरोगी माणसात त्याचा वरचा आकडा २०-२५ च्या आसपास. तो पट्ट्याने कळत नाही. तो वाढला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, साधा बांध चढताना धाप लागते, पुढे पायांवर सूज येते.

या दाबाचा अंगातल्या लोहाशी संबंध आहे. कसा, ते बघा. दारे धरताना ज्या वाफ्यात पाणी सोडून उपयोग नाही, त्याचे तोंड आपण मातीने बुजवतो. फुफ्फुसाचेही तसेच. जिथे हवा कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. हवेतला प्राणवायू पुरेसा आहे की नाही, हे पेशींना ओळखायला लोह लागते. लोह कमी पडले तर प्राणवायू असूनही तो नाही असेच पेशी धरून चालतात, आणि चांगल्या वाफ्यांचीही तोंडे अरुंद होतात. मग पाटाला फुगवटा येणारच!

हे नुसते तर्काचे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सेरो दे पास्को हे खाणीचे गाव ४,३४० मीटर उंचीवर आहे. (आपले कळसूबाई १,६४६ मीटर.) २००८ साली समुद्रसपाटीवरच्या धडधाकट पुरुषांना तिथे नेले. विरळ हवेने त्यांचा दाब चढला. शिरेतून लोह दिल्यावर तो सुमारे ६ अंकांनी उतरला. तिथल्याच ११ रहिवाशांना उंचीमुळे रक्त दाट होण्याचा विकार होता. त्यांचे दोन लिटर रक्त काढले, त्याबरोबर लोहही गेले, आणि दाब ३७ वरून ४६ वर पोचला.

आता आपल्याकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायका रक्तक्षयी निघाल्या. त्या सगळ्यांना फुफ्फुसाचा विकार आहे असे मुळीच नाही. आणि विकार जडल्यावर नुसत्या लोहाने तो बरा होतो, असेही कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण घरातली बाई "चालताना दम लागतो" म्हणाली, तर "वयच झालं आता" म्हणून सोडू नका. रक्त तपासा, धाप आणि सूज दोन्ही असेल तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रोग्याने मात्र तपासणीशिवाय लोह घेऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात ते उलट साठते, तेही घातकच.

ग्रामसेवक आणि सरपंचांनी उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या आहेत की संपल्या, एवढे महिन्याला विचारावे. गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. लिंबूपाण्याबरोबर चांगली लागू पडते. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळ जणी ती मध्येच सोडतात. ते लोहामुळेच होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.