ब्रेक का वाजतात?

(मोटारीचे ब्रेक कधी कधी आवाज करतात. हा आवाज का येतो, त्यातला कोणता आवाज धोक्याचा आणि त्यावर उपाय काय, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मोटार वेगाने धावते याचे सर्वांना कौतुक वाटते. पण ती हवी तेव्हा आणि हवी तेथे थांबते, याचे कौतुक फारसे कोणी करीत नाही. गाडी थांबवण्याचे काम ब्रेक करतात. एरवी ते मुकाट्याने काम करीत असतात. पण एखाद्या दिवशी पेडल दाबताच चाकातून चीं-चीं किंवा खर्र-खर्र असा आवाज येऊ लागतो. हा आवाज म्हणजे ब्रेकने दिलेली सूचना असते. ती समजली, तर मोठा अपघातही टळू शकतो.

आधी ब्रेक कसे काम करतात ते पाहू. सायकलचा ब्रेक तुम्ही पाहिला असेल. रबराचे दोन गुटके रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात आणि चाक थांबते. मोटारीच्या डिस्क ब्रेकचे कामही असेच चालते. चाकाबरोबर लोखंडाची एक गोल चकती फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टी आणि तिच्यावर बसवलेला अस्तराचा जाड थर. हे पॅड कॅलिपर नावाच्या पकडीत बसवलेले असतात. ड्रायव्हरने पेडल दाबले, की नळ्यांमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी मांडला. या दाबामुळे पॅड डिस्कला घट्ट धरतात. घर्षणाने गाडीची गती उष्णतेत बदलते आणि गाडी थांबते.

अनेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांत पॅडऐवजी अर्धगोल ब्रेक शू असतात. ते फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात.

घर्षण आले, की झीज आली आणि आवाजही आला. मात्र सगळे आवाज सारखे नसतात. पावसाळ्यात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी निघाली, की ब्रेक थोडे खरखरतात. ओल्या हवेने डिस्कवर गंजाचा पातळ थर बसलेला असतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबले, की हा थर घासून निघतो आणि आवाज थांबतो. या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही.

ब्रेक दाबताना रोज चीं-चीं असा बारीक, तीक्ष्ण आवाज येत असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवे. पॅडवर धूळ बसली, पॅड तापून गुळगुळीत झाले किंवा कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या, की पॅड थरथरतात आणि असा आवाज होतो. याचे आणखी एक कारण असते. काही पॅडना पत्र्याची छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले, की ही पट्टी डिस्कला घासते आणि ओरडू लागते. ‘आता पॅड बदला,’ असेच जणू ती सांगते.

ही सूचना ऐकली नाही, तर पुढे खर्र-खर्र असा जड आवाज सुरू होतो. अस्तर पूर्ण संपून पोलादी पट्टी डिस्कवर घासली जात असते. डिस्कवर खोल रेघा पडतात. गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आधी फक्त पॅड बदलून भागले असते. आता डिस्कही बदलण्याची वेळ येते. कधी डिस्कजवळ अडकलेल्या खड्यामुळेही असा आवाज येतो. पण खडा आहे की अस्तर संपले आहे, हे चाक काढून पाहिल्यावरच कळते. म्हणून असा आवाज आला, तर गाडी पुढे दामटू नये.

पेडल न दाबताही घासल्याचा आवाज येत असेल आणि एकच चाक फार तापत असेल, तर पॅड डिस्कला चिकटून राहिले असावेत. खड्ड्यातून जाताना ठक-ठक वाजत असेल, तर एखादा भाग सैल झाला असण्याची शक्यता असते.

अनुभवी मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो प्रश्न विचारतो. आवाज कोणत्या चाकातून येतो? पेडल दाबल्यावर येतो की सतत येतो? सकाळीच येतो की दिवसभर? मग तो गाडी सपाट जागी उभी करतो, इतर चाकांना ठोकळे लावतो आणि जॅकने गाडी उचलतो. केवळ जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली भक्कम आधारही देतो. चाक काढून तो पॅडची जाडी पाहतो. नव्या पॅडचे अस्तर साधारण दहा मिलिमीटर जाड असते. ते तीन मिलिमीटरपर्यंत आले असेल, तर पॅड बदलतात. एका बाजूचे पॅड बदलले, की समोरच्या बाजूचेही बदलावे लागतात. नाही तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली जाते. ब्रेकमधील धूळ तोंडाने फुंकू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते. पिनांना उष्णता सहन करणारे खास ग्रीस लावतात. काम झाल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबून पाहतात आणि मगच गाडी हलवतात.

काही जण आवाज बंद करण्यासाठी डिस्कवर तेलाचे थेंब सोडतात. आवाज लगेच थांबतो. पण त्याबरोबर ब्रेकची पकडही जाते. असा उपाय कधीही करू नये. पुण्याहून मुंबईकडे येताना बोरघाट उतरावा लागतो. नाशिककडून येताना कसारा घाट लागतो. अशा लांब उतारावर सतत दाबून ठेवलेले ब्रेक फार तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये घाट उतरतो. पॅड आधीच झिजलेले असतील, तर या उतारावर गाडीतील सर्वांचा जीव धोक्यात येतो.

तुम्ही रिक्षाने, टॅक्सीने किंवा स्कूलबसने प्रवास करीत असाल. ब्रेकचा वेगळा आवाज कानांवर पडला, तर ड्रायव्हरकाकांना नम्रपणे सांगा. रोज ऐकून ऐकून त्यांच्या कानांना तो आवाज सवयीचा झालेला असू शकतो. तुमच्या एका वाक्याने गाडी वेळेवर मिस्त्रीकडे जाईल.

शब्दार्थ
मुकाट्याने – काही न बोलता
झीज – घासून कमी होणे
दामटणे – जबरदस्तीने पुढे नेणे
अपायकारक – नुकसान करणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रेक पॅड कशात बसवलेले असतात?
(आ) ब्रेकमधील धूळ तोंडाने का फुंकू नये?
२. कारणे लिहा.
(अ) पावसाळ्यात सकाळी ब्रेक खरखरतात.
(आ) डिस्कवर तेल सोडू नये.
३. चीं-चीं, खर्र-खर्र, ठक-ठक यांसारखे आवाज दाखवणारे आणखी पाच शब्द लिहा.